फिलिपिनो सिनेमाची पोस्टरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टर जमवणारे, चित्रकलेचे विद्यार्थी आणि मनिलाहून एखादं जुनं भेंडोळं घेऊन आलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग किचकट. उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. फिलिपिनो पोस्टर नेमकं कशाला म्हणायचं? भाषेवरून ठरतं का?

नाही. फिलिपिन्समधल्या थिएटरांत येणाऱ्या प्रेक्षकासाठी तिथेच तयार झालेलं ते फिलिपिनो पोस्टर. मजकूर तागालोग असो, इंग्रजी असो की दोन्हींची मिसळ. तिथल्या देशी कथापटाची सुरुवात 1919 सालच्या होसे नेपोमुसेनो यांच्या ‘दालागांग बुकिद’पासून धरतात. नावाचा अर्थ ‘खेड्यातली तरुणी’. पुढे सांपागिता (1937) आणि एलव्हीएन (1938) हे स्टुडिओ उभे राहिले, युद्धानंतर प्रीमियर (1946) आणि लेब्रान आले. 1950 च्या दशकातल्या या चार मोठ्या कंपन्यांच्या काळात पोस्टरला ओळखू येईल असा चेहरा मिळाला. फिलिपिन्समध्ये चित्रित झालेल्या पण परदेशी बाजारासाठी बनलेल्या सिनेमांचा मामला वेगळा आहे, प्र. 12 पाहा.

2. एकाच पोस्टरवर इतकी तोंडं का कोंबलेली असतात?

कारण तिकीट ताऱ्याच्या नावावर विकलं जातं, आणि घरातल्या प्रत्येकाचा तारा वेगळा. वर मोठं नायक-नायिकेचं मुखडं, बाजूला खलनायक (तिकडे त्याला ‘कोन्त्राबिदा’ म्हणतात, नायक तो ‘बिदा’), खाली पळणारी माणसं, स्फोट, जीप, एखादं चुंबन. नीट पाहिलंत तर गर्दीतही शिस्त सापडते. सर्वांत मोठा चेहरा बहुधा तीन-चतुर्थांश वळलेला असतो, त्याची नजर शीर्षकाकडे किंवा दुसऱ्या ताऱ्याकडे जाते, आणि चेहऱ्यांचे आकार मानधनाच्या उतरंडीने लहान होत जातात. याला ‘तरंगती मुंडकी’ म्हणून नाकं मुरडणारे बरेच आहेत. वाईट पोस्टरांबाबत ते खरंही आहे. पण चालत्या जीपनीतून (तिकडची रंगीबेरंगी प्रवासी गाडी) दोन सेकंदांत कोण कोण आहे ते कळावं, ही त्या चित्राची अट होती, आणि ती अट लक्षात घेतली तर चांगल्या रंगाऱ्याचं कसब दिसतं.

3. पोस्टरवरचा मजकूर वाचताच येत नाही. कुठून सुरुवात करू?

लिपी रोमन आहे, त्यामुळे अक्षरं ओळखीची असतात, अडतं ते छोट्या शब्दांवर. मराठीत प्रत्यय नावाच्या मागे लागतात, तागालोगमध्ये त्याचं काम करणारे शब्द नावाच्या पुढे येतात. चार शब्द पाठ करा, निम्मं पोस्टर उलगडेल. ‘सि’ एका व्यक्तीच्या नावाआधी, ‘सिना’ अनेकांच्या नावांआधी. ‘नि’ म्हणजे अमक्याचं किंवा अमक्याने, आणि ‘निना’ हे त्याचं अनेकवचन. म्हणजे दिग्दर्शनाच्या ओळीत ‘निना’ दिसलं तर दिग्दर्शक एकाहून जास्त आहेत. हे नावं मोजण्याआधीच कळतं.

मग ठरावीक ओळी. ‘सा दिरेक्शॉन नि’ म्हणजे दिग्दर्शन. ‘दुलांग पाम्पेलिकुला नि’ म्हणजे पटकथा. ‘हांगो सा’ म्हणजे अमक्यावर आधारित. कॉमिक्सवरून उचललेल्या सिनेमांत ही ओळ हटकून असते. ‘हांदॉग नंग’ म्हणजे प्रस्तुतकर्ते, शब्दशः ‘अमक्याची भेट’. ‘माय नाताताङिंग पागानाप’ म्हणजे विशेष भूमिका. ‘मालापित ना’ म्हणजे लवकरच, ‘पालाबास ना’ म्हणजे सुरू झाला आहे.

उच्चाराची एक गंमत मराठी माणसाच्या पथ्यावर पडते. तागालोग शब्दांच्या सुरुवातीला जो ‘एन-जी’ दिसतो तो म्हणजे चक्क आपला ङ. वाङ्मय म्हणताना जीभ जिथे जाते तिथे नेली की ‘ङायॉन’ (आता) बरोबर म्हणता येतं. एकट्या ‘एन-जी’चा उच्चार मात्र ‘नंग’, आणि ‘एम-जी-ए’ असं लिहिलेल्या अनेकवचनी शब्दाचा ‘मंगा’. आणि हो, ‘हिमाला’ या गाजलेल्या सिनेमाच्या नावाचा हिमालयाशी संबंध नाही, त्याचा अर्थ चमत्कार.

4. शीर्षकातले काही शब्द एवढे मोठे आणि काही मुंगीएवढे का?

तागालोग शीर्षकं लांबलचक असतात. लिनो ब्रोका यांच्या 1975 सालच्या ‘मायनिला सा मंगा कुको नंग लिवानाग’मध्ये सहा शब्द आहेत, त्यातले अर्थाचे तीनच : मनिला, नखं, प्रकाश. ‘सा’, ‘मंगा’ आणि ‘नंग’ हे जोडकाम करणारे. अक्षरकार नेहमी अर्थाचे शब्द जाड ठोकळ्यात घेतो आणि जोडशब्द बारीक तिरप्या हस्ताक्षरात, मोठ्या अक्षरांच्या फटीत बसवतो. नवशिक्यांची चूक इथेच होते : सगळे शब्द एकाच मापात मांडले की शीर्षक दोन ओळींऐवजी चार ओळी खातं आणि चेहऱ्याला जागा उरत नाही.

अक्षरांचा घाट प्रकारावर ठरतो. मारधाडीत पुढे झुकलेली, खाली जाड सावली असलेली. भुताच्या सिनेमात तडे गेलेली किंवा ओघळणारी. प्रेमकथेत ब्रशची गोल वळणं. यातली बरीच वळणं जीपनीच्या पाट्यांवर आणि दुकानांच्या फलकांवरही दिसतात.

5. थिएटरवरचा रंगवलेला फलक आणि छापील पोस्टर यात फरक काय?

दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि लोक सतत गल्लत करतात. छापील पोस्टर कागदावर, शेकडो प्रतींत. फलक एकच, हाताने रंगवलेला, थिएटरच्या दर्शनी भागावर चढवलेला आणि पुढचा सिनेमा आला की त्यावरच पांढरा हात मारून पुन्हा वापरलेला. म्हणूनच फलक उरत नाहीत. तिसरी वस्तू ‘स्ट्रीमर’, रस्त्यावर आडवी बांधायची कापडी पट्टी. चौथी वर्तमानपत्रातली जाहिरात. वृत्तपत्राची जाहिरात काळी-पांढरी आणि लहान असल्याने तिच्यासाठी मांडणी पुन्हा करावी लागे, आणि अनेकदा ती पोस्टरपेक्षा धीट निघे.

6. असा फलक हाताने रंगवायचा तर कसा?

जगभरच्या सिनेमा-पेंटरांची रीत इथेही तीच : चौकटी पाडून मोठं करणं. मापांसह सांगतो.

आधी 12×18 इंचांचं रंगीत कच्चं चित्र करा. त्यावर एक-एक इंचाच्या चौकटी आखा, त्या 216 होतील. फलक 8×12 फुटांचा असेल तर प्रमाण 1 ला 8, म्हणून फलकावर चौकट 8 इंचांची. चित्राच्या आडव्या बाजूला अ, आ, इ आणि उभ्या बाजूला 1, 2, 3 लिहा आणि तेच फलकावर लिहा, नाहीतर शिडीवर चढल्यावर कुठली चौकट कुठली ते कळत नाही. चौकटी खडूच्या दोरीने झटका मारून पाडा, पेन्सिलीने नको; पेन्सिल फिक्या रंगातून नंतर डोकावते.

फलक प्लायवुडच्या तुकड्यांचा असेल तर रंगाआधी सांधे कुठे येतात ते कच्च्या चित्रावर लाल रेघेने दाखवा. सांधा डोळ्यावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठांच्या कोपऱ्यावर आला की संपलंच. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी नायक तिरळा दिसतो. असं होत असेल तर चेहरा चार इंच सरकवा, सांधा गालावर घ्या.

रंग गडदाकडून फिक्याकडे. पहिल्या हातात सावल्यांचे मोठे पट्टे, दुसऱ्यात त्वचेचा मधला रंग, शेवटी उजेड. त्वचेच्या सावलीत नुसता काळा घातला तर चेहरा कोळशासारखा मळतो. तपकिरीत थोडा हिरवा किंवा जांभळा मिसळा. एका गालावर उबदार पिवळा-केशरी उजेड आणि दुसऱ्या कडेला निळी किंवा लाल किनार, ही जुनी युक्ती लांबून चेहरा पार्श्वभूमीपासून सोडवते. जवळून ती किनार भडक, कधी कधी हास्यास्पद वाटते. दहा पावलं मागे जा आणि मग ठरवा.

आता उंचीचा हिशोब. फलकाचा मध्य डोळ्यांच्या पातळीपासून 20 फूट वर आणि बघणारा 30 फूट लांब असेल, तर नजर सुमारे 34 अंश वर जाते आणि उभी उंची जवळपास 17 टक्के आखूड दिसते. चेहरे चपटे वाटतात ते यामुळे. पूर्ण 17 टक्के वाढवू नका, कारण रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला मग तोंड भोपळ्यासारखं लांब दिसेल. निम्म्याने वाढवलं की दोघांनाही चालतं.

आणखी एक : पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग वाळल्यावर गडद होतो. आधी टाकाऊ फळीवर पट्टा मारून वाळवून बघा, मग बादलीभर कालवा. अर्ध्या चेहऱ्यावर रंग संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही.

7. मग हे फलक गेले कुठे?

मनिलाचा थिएटरांचा रस्ता म्हणजे अव्हेनिदा रिझाल, शेजारी एस्कोल्ता आणि कियापो. पाब्लो आंतोनियो यांनी बांधलेलं आयडियल थिएटर (1933) याच रस्त्यावर होतं. 1985 मध्ये याच रस्त्याच्या डोक्यावरून एलआरटी ही उन्नत रेल्वे धावू लागली. खांब आणि रुळांनी दर्शनी भाग झाकला, खाली सावली पडली, आणि समोरच्या फुटपाथवरून फलक पूर्ण दिसेनासा झाला. त्याच वर्षी केझॉन सिटीत एसएम सिटी नॉर्थ एद्सा हा मॉल उघडला. पुढच्या काळात सिनेमा अशा मॉलमध्ये शिरला. मॉलच्या आत प्रकाशपेट्यांची मापं ठरलेली, बाहेर रंगवायला भिंतच नाही. उरलेलं काम डिजिटल छपाईने केलं. आपण ज्याला फ्लेक्स म्हणतो त्याला तिकडे ‘तारपोलिन’ किंवा नुसतं ‘तार्प’ म्हणतात.

सगळा दोष तार्पवर टाकायची पद्धत आहे. पण रंगाऱ्याची भिंत त्याआधीच गेली होती.

8. कॉमिक्सचा या पोस्टरांशी काय संबंध?

फार जवळचा. तिकडे ‘कोमिक्स’ हा घराघरांत वाचला जाणारा प्रकार होता आणि गाजलेल्या मालिकांवर सिनेमे निघत. मार्स रावेलो यांची ‘दार्ना’ 1950 मध्ये नेस्तोर रेदोंदो यांच्या चित्रांसह छापून येऊ लागली आणि 1951 मध्ये पडद्यावर आली. कार्लो जे. कापारास यांचा ‘पांदाय’ (अर्थ : लोहार) 1980 मध्ये फर्नांडो पो ज्युनियर यांनी केला. प्रेक्षकाने नायिकेला आधी शाईत पाहिलेलं असे, त्यामुळे पोस्टरला तीच ओळख धरावी लागे : दार्नाचा लाल पोशाख, त्यावरचा तारा, एक मूठ आकाशाकडे. नटीचा चेहरा थोडा चुकला तरी चालून जाई, तारा चुकला तर नाही.

कॉमिक्समधून आलेली दुसरी गोष्ट म्हणजे शाईची रेघ. रंगवलेल्या चेहऱ्याभोवती काळी बाह्यरेषा, केसांत ब्रशचे फटकारे. फ्रान्सिस्को कोचिंग यांची कॉमिक्स पानं पाहा. 2014 मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय कलाकार हा किताब मिळाला. त्या पानांवरची तिरपी मांडणी आणि उडती वस्त्रं पाहिली की पोस्टरातली तिरपी अंगं कुठून आली ते वेगळं सांगावं लागत नाही.

9. पोस्टरवर चित्रकाराची सही का सापडत नाही?

पोस्टर एका हाताचं काम नसे. छायाचित्र एकाचं, चेहरे दुसऱ्याचे, अक्षरं तिसऱ्याची, मांडणी छापखान्यात चौथ्याची. नावं छापली जात ती सिनेमा करणाऱ्यांची. सही असलीच तर उजव्या खालच्या कोपऱ्यात, आडनावाची दोन-चार अक्षरं, आणि छापताना कडा कापली की तीही गेली. म्हणून विकत घेताना कडा न कापलेली प्रत महत्त्वाची. शैली ओळखून नाव चिकटवायचा मोह टाळा. एकाच कारखान्यात शिकलेल्या तिघांचे चेहरे सारखे येतात.

10. दोन तारे तोडीस तोड असले तर कुणाचं नाव आधी?

हा भांडणाचा विषय. नोरा आउनोर आणि विल्मा सांतोस यांचे चाहते, ‘नोरानियन’ आणि ‘विल्मानियन’, पिढ्यानपिढ्या एकमेकांसमोर उभे. अशा वेळी मांडणीकाराकडे तीन वाटा असतात. एक नाव डावीकडे पण खाली, दुसरं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचणाऱ्याला पहिलं आधी, वरून वाचणाऱ्याला दुसरं. किंवा नावांचा क्रम एक आणि चेहऱ्यांचा क्रम उलट. तिसरी वाट शेवटच्या नावाची : सगळ्या नावांनंतर ‘आत सि’ (आणि) लिहून एकट्या ताऱ्याला चौकटीत मान द्यायचा. ज्येष्ठ कलाकारांसाठी ही जागा पहिल्या क्रमांकाइतकीच मोलाची. चेहऱ्याखाली भलत्याचंच नाव दिसलं तर ती छापखान्याची चूक नाही, हीच तडजोड आहे.

11. पोस्टरही सेन्सॉर होतं का? आणि साल छापलेलं नसेल तर ते कसं ओळखायचं?

दोन प्रश्न, पण उत्तर गुंतलेलं आहे.

1985 च्या अध्यक्षीय आदेशाने एमटीआरसीबी हे मंडळ आलं आणि त्याच्या कक्षेत सिनेमाबरोबर जाहिराती, ट्रेलर आणि स्थिरचित्रंही आली. त्याआधीही सेन्सॉर मंडळ होतं. 1970 च्या सुमाराला ‘बोंबा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या उघड्या-वाघड्या सिनेमांची लाट होती आणि 1972 मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर तिला चाप बसला. पोस्टरावर नायिका ओल्या पातळ कपड्यात उभी दिसू लागली, कारण नग्नता गेली तरी ओलं कापड चालत होतं. जुन्या पोस्टरावर हाताने फासलेला काळा पट्टा किंवा चिकटवलेली कागदी चिठ्ठी दिसली तर खरवडू नका. तोही त्या पोस्टराचा इतिहास.

साल ठरवताना ‘याच्या आधीचं असूच शकत नाही’ अशा खुणा शोधा. आर-16 हे वर्गीकरण 2012 मध्ये आलं. स्टार सिनेमाचं चिन्ह म्हणजे 1993 किंवा नंतर, विवा फिल्म्सचं म्हणजे 1981 किंवा नंतर. मेट्रो मनिला चित्रपट महोत्सव 1975 पासूनचा. 25 डिसेंबरला सिनेमे लागतात, त्यामुळे त्याचं बोधचिन्ह असेल तर महिनाही जवळजवळ कळतो. मनिलाचा आठ आकडी फोन नंबर ऑक्टोबर 2019 नंतरचा. उलट बाजूने : एलव्हीएनने 1961 मध्ये निर्मिती थांबवली. ‘ईस्टमनकलर’ शीर्षकाएवढं मोठं लिहिलं असेल तर रंग हीच बातमी असण्याचा काळ.

सापळा पुनर्प्रदर्शनाचा. इश्माएल बेर्नाल यांचा ‘हिमाला’ 1982 चा, पण त्याची डागडुजी केलेली प्रत 2012 मध्ये पुन्हा दाखवली गेली. सिनेमाचं साल बरोबर सांगणारं पोस्टर स्वतः तीस वर्षांनी लहान असू शकतं. खालच्या कडेची बारीक चिन्हं आधी वाचा, चेहरे नंतर.

12. माझ्याकडे फिलिपिन्समध्ये बनलेल्या सिनेमाचं इंग्रजी पोस्टर आहे, 27×41 इंच. ते फिलिपिनो का?

सिनेमा तिकडचा, पोस्टर बहुधा अमेरिकन. एदी रोमेरो यांच्या ‘ब्लड आयलंड’ मालिकेसारखे 1960-70 च्या दशकांतले भयपट अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इन थिएटरांसाठी विकले गेले आणि त्यांची पोस्टरं तिकडेच रंगवली, छापली. 27×41 हे अमेरिकेचं जुनं ‘वन-शीट’ माप. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पोस्टरं घडी घालून पाठवत. खालच्या कडेला ‘70/123’ अशा धाटणीचा आकडा असेल तर तो नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा वितरण क्रमांक. पहिले दोन अंक साल. ही पोस्टरं वाईट नाहीत, पण त्यावरून फिलिपिनो पोस्टरकलेबद्दल काही ठरवू नका.

13. अस्सल की नंतर छापलेली नक्कल, घरी कसं ओळखू?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. चेहऱ्याच्या मधल्या छटेवर धरा. ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनांत बसून छोट्या फुलासारखी नक्षी करतात. इंकजेट प्रतीत नक्षी नसते, रंगाचा बेशिस्त तुषार असतो.

पण नक्कलही ऑफसेटवर छापलेली असू शकते. तिथे बारीक अक्षरांकडे जा. मूळ पोस्टरात निर्माता-दिग्दर्शकाची काळी ओळ वेगळ्या काळ्या प्लेटने छापलेली, म्हणून अक्षराची कड सलग आणि आत ठिपके नाहीत. नक्कल ही जुन्या पोस्टराच्या फोटोवरून केलेली. तिच्यात तीच काळी अक्षरं निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांनी बनलेली दिसतात आणि कडा फुटलेल्या. ही एक खूण बाकी सगळ्यांपेक्षा भरवशाची.

मग घडी. बोट फिरवा. घडीची रेघ दिसते पण हाताला लागत नाही, म्हणजे ती छापलेली आहे. टाचणीची भोकं, गंजाचे डाग, फाटलेला कोपरा यांचंही तेच. कागद जुना दिसतो यावर विसंबू नका. चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा करता येतो. खरा पिवळेपणा कडेला जास्त आणि मध्ये कमी असतो, चहाचा सगळीकडे सारखा.

14. घडी, बुरशी, टेप : काय करू, काय नको?

मनिलाची हवा मुंबई-कोकणासारखीच दमट, त्यामुळे बऱ्याच पोस्टरांबरोबर तिथली बुरशी फुकट येते. आल्या आल्या बाकीच्या कागदांपासून वेगळं ठेवा. बुरशी ओली असताना पुसू नका, ती कागदात घुसते. पंख्याच्या थेट झोताबाहेर, सावलीत दोन दिवस वाळवा, मग मऊ कोरड्या ब्रशने बाहेरच्या दिशेने झटका, तोंडाला मास्क लावून.

घडी सपाट करायला इस्त्री नको. मोठ्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तळाशी ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर पोस्टर, झाकण बंद. कागदाला पाणी लागता कामा नये, नुसता दमटपणा. चार-सहा तासांत कागद मऊ पडला की दोन टीपकागदांमध्ये घालून वर सपाट फळी आणि वजन. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदला, एकूण तीन-चार दिवस. आधी कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून बघा. रंग उतरला तर हा उपाय तुमच्या पोस्टरासाठी नाही.

फाटलेलं जोडायला गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद, मागच्या बाजूने. चिकटपट्टी कधीच नको. वर्षांनी तिचा गोंद तपकिरी होऊन पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन म्हणजे तर परतीचा रस्ता बंद. आधीच लॅमिनेट झालं असेल तर घरी सोलू नका, रंगाचा थर प्लास्टिकबरोबर निघतो. तसंच सपाट ठेवा आणि चांगला स्कॅन करा (प्र. 15).

ठेवायला आम्लरहित कागद किंवा पॉलिएस्टरची पाकिटं, आर्द्रता 45 ते 55 टक्के, जमिनीपासून वर. वाळवी आणि कसर दोन्ही खळीवर तुटून पडतात, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. फ्रेम करताना काच थेट कागदाला टेकू देऊ नका, मध्ये पट्टी ठेवा. पोस्टरं आणि जुना सिनेमा शास्त्रशुद्ध कसा जपतात हे पाहायचं तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना 1964) आहेच.

15. स्कॅन केल्यावर चेहऱ्यावर जाळी-जाळी दिसते. का?

ऑफसेटचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांवर चढून लहरी उमटतात. ‘डीस्क्रीन’ बटण दाबलं तर लहरी जातात, पण बारीक अक्षरंही धूसर होतात. त्यापेक्षा 600 ठिपके प्रति इंचाने स्कॅन करा आणि नंतर निम्म्यावर आणा. मोठं पोस्टर तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर निदान दोन इंच चढलेला. 27×40 इंच, 300 च्या हिशोबाने, 8100×12000 पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे 97 मेगापिक्सेल. मोबाइलने एका फोटोत हे येत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

16. पोस्टर आहे पण सिनेमाच कुठे सापडत नाही. माझ्या हातात काय आहे?

शक्य आहे की तुमच्या हातात जवळजवळ सगळा सिनेमाच आहे. 1945 च्या मनिलाच्या लढाईत शहर उद्ध्वस्त झालं, आणि युद्धापूर्वी बनलेल्या पूर्ण लांबीच्या सिनेमांपैकी ‘तुनाय ना इना’ (1939), ‘इबोंग आदार्ना’ (1941) असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. बाकीच्यांचे पुरावे म्हणजे पोस्टर, वृत्तपत्रातली जाहिरात, एखादं स्थिरचित्र. अशा वेळी आधी न दुमडता दोन्ही बाजूंचा स्कॅन करा. मागची बाजूसुद्धा, थिएटरचा शिक्का, तारीख, पेन्सिलीचा आकडा तिथेच असतो. सपाट करण्याचा उद्योग (प्र. 14) त्यानंतर, आणि खरं तर तज्ज्ञाकडूनच.

17. महाराष्ट्रातल्या पोस्टरांशी तुलना करता येईल का?

तंत्राची करता येईल. चौकटी पाडून मोठं करणं, स्थिरचित्रावरून चेहरा, भडक किनार हे मुंबईच्या बॅनर-पेंटरांनाही घरचं, एम. एफ. हुसेन यांनी सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या पोस्टरांत मात्र नाट्यमंडळींच्या पडद्यांचा वारसा आहे, तर मनिलात कॉमिक्सच्या शाईचा (प्र. 8). एकीकडे चेहरा मातीसारखा घडवलेला, दुसरीकडे रेघेने पकडलेला. शेजारी ठेवून पाहा.

18. आजची पोस्टरं कशी आहेत? सगळी एकसारखी वाटतात.

व्यावसायिक प्रेमपटांची वाटतात हे खरं. पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, ‘लव्हटीम’ म्हणजे नायक-नायिकेची ठरलेली जोडी मधोमध, वर काळजाला हात घालणारं एक वाक्य. असल्या वाक्यांना तिकडे ‘हुगोत’ म्हणतात. 2005 मध्ये सिनेमालाया महोत्सव सुरू झाला आणि लहान सिनेमांसाठी वेगळी वाट उघडली : एकच प्रतिमा, हाताने काढलेलं चित्र, जीपनी-पाटीच्या वळणाची अक्षरं. तारा नसला की त्याचा चेहरा मोठा करायची सक्तीही नसते, आणि मांडणीकाराला श्वास घ्यायला जागा मिळते.

19. जुनं पोस्टर टी-शर्टवर छापून विकलं तर चालेल का?

फिलिपिन्समध्ये 1998 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार कलाकृतीचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 50 वर्षं टिकतो. इथे एक चकवा आहे. नोकरीतल्या कर्मचाऱ्याने नेमून दिलेलं काम म्हणून केलेलं चित्र मालकाचं. पण बाहेरच्या चित्रकाराला पैसे देऊन करून घेतलं असेल तर चित्र कंपनीचं आणि लेखी करार नसेल तर कॉपीराइट चित्रकाराचाच. म्हणजे निर्मात्याने होकार दिला तरी काम पुरं होतंच असं नाही. शिवाय चेहरे ताऱ्यांचे. कागदाची प्रत विकत घेतली म्हणून छापायचा हक्क मिळत नाही. लेखासोबत लहान प्रतिमा वापरणं वेगळं, शंभर टी-शर्ट वेगळे.